फाइल बदलायचे शॉर्टकट, तिसरा आठवडा: टॅब कीला रामराम

मागच्या वेळी लिहिलं होतं की विममध्ये (कीबोर्डवर चालणारा टेक्स्ट एडिटर) टॅबवर पुढचा बफर, म्हणजे पुढची उघडी फाइल, आणि शिफ्ट-टॅबवर मागचा बफर लावलाय आणि मस्त चाललंय. ते काढून टाकलं.

झालं असं की कंट्रोल-ओ दाबत चार-पाच उड्या मागे जायचो, फंक्शन कुठून कॉल होतंय ते बघायचो आणि परत पुढे यायला कंट्रोल-आय दाबलं की भलतीच फाइल उघडायची. आधी वाटलं एखादं प्लगिन (विमला जोडलेली जादा सोय) मध्ये कडमडतंय, म्हणून एकेक बंद करून बघितलं, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. कारण निघालं एवढंसं: टर्मिनल, म्हणजे विम ज्या कमांडच्या खिडकीत चालतं ती, टॅबसाठी आणि कंट्रोल-आयसाठी एकच कोड पाठवतं, अ‍ॅस्की 9 (अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडमधला 9). विमला फरक कळणार कुठून! काही नव्या टर्मिनलमध्ये दोन्ही वेगळे पाठवायची सोय आहे, पण मला दुसऱ्या मशीनवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) गेल्यावरही तीच सवय चालायला हवीय, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

मग एक दिवस नीट लक्ष ठेवलं की मी फाइल बदलतो म्हणजे नक्की काय करतो, तर बहुतेक वेळा दोनच फाइल्समध्ये ये-जा, कोड आणि त्याची टेस्ट. त्याला पुढचा-मागचा काय कामाचा, मधे सात बफर उघडे असले की सात वेळा दाबत बसा. आणि यासाठी कंट्रोल-6 विममध्ये आधीपासून आहेच, आत्ताच्या आधी जी फाइल होती तिच्यावर थेट नेतं. एलएस कमांड दिली की उघड्या फाइल्सच्या यादीत चालू फाइलपुढे टक्क्याचं चिन्ह आणि या दुसऱ्या फाइलपुढे हॅश दिसतो, तो हॅश म्हणजेच ती. मी हे स्पेस-स्पेसवर लावलंय (लीडर, म्हणजे माझे शॉर्टकट जिने सुरू होतात ती की, स्पेसच आहे, नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे टाइप न करता कमांड द्यायच्या मोडमध्ये, स्पेस नुसता कर्सर उजवीकडे नेतो, त्यामुळे गमावलं काहीच नाही). अंगठा आपोआप पडतो, बघायलाही लागत नाही, खरंच सुख आहे!

दोन गोष्टी सांभाळा. एक, हिडन सेटिंग (सेव्ह न केलेली फाइल मागे उघडी ठेवू देणारं) चालू ठेवा, नाहीतर सेव्ह न केलेल्या फाइलवरून उडी मारताना ई37 एरर येतो. निओविममध्ये (विमवरूनच निघालेला एडिटर) ते मुळातच चालू असतं. दुसरं, मॅपिंग (कीला काम जोडणं) फक्त नॉर्मल मोडसाठीच करा. माझी स्पेसने सुरू होणारी एक मॅपिंग इन्सर्ट मोडमध्येही (टाइप करायचा मोड) राहून गेली होती, तर स्पेस दाबून जरा थांबलं की विम पुढच्या कीची वाट बघत बसायचं, टाइमआउट डिफॉल्ट 1000 मिलिसेकंद, टाइप करताना फार खटकतं ते.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवाल्यांना हे कंट्रोल-टॅबवर आयतंच मिळतं, कारण तिथला क्रम डिफॉल्टने शेवटी वापरलेल्या फाइलचा असतो. एकदा दाबून सोडलं की आधीची फाइल.

याच आठवड्यात कॅपिटल मार्क, म्हणजे कुठल्याही फाइलमधून गाठता येणारी खूण, पण वापरायला लागलो. विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंगची फाइल) एम आणि मग कॅपिटल व्ही दाबून ठेवलंय, आता कुठूनही सिंगल कोट आणि कॅपिटल व्ही दाबलं की थेट तिथे, विम बंद करून उघडलं तरी मार्क टिकतो. बदल करायचा, सेव्ह करायचं, स्पेस-स्पेस, परत कामावर. पुढचा-मागचा बफर आता चौकटी कंस आणि बी वर गेलाय, आठवड्यात तीनदा वापरला असेल.