टाळू शिवल्यानंतरची शाळा

ज्या मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता त्याच्याकडे शाळेचे लक्ष जाते; ज्याची फक्त टाळू, म्हणजे तोंडाच्या आतले छत, दुभंगलेली होती त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि अभ्यासात मागे पडण्याची शक्यता मात्र त्याचीच अधिक असते. इंग्लंडमध्ये अशा मुलांची राष्ट्रीय नोंद आणि पाचव्या वर्षीचे शालेय मूल्यमापन ताडून पाहिले, तेव्हा केवळ ओठ दुभंगलेल्या मुलांपेक्षा टाळू दुभंगलेली मुले सरासरीने मागे असल्याचे आढळले. इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवताना मला याचे नवल वाटत नाही.

कारण कानात आहे. गिळताना कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडणारे स्नायू टाळूतूनच जातात आणि या मुलांत ते नीट काम करत नाहीत; त्यामुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो आणि ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. हे कमी-जास्त होणेच फसवे असते, कारण काल हाकेला ओ देणारे मूल आज वळून पाहत नाही आणि शिक्षक प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नसते’ असे लिहून मोकळे होतात.

शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांची हवा बोलताना नाकावाटे निसटते. म, न स्पष्ट येतात. प, ब, ट, क यांना लागणारा दाब तोंडात टिकत नाही, त्यामुळे ‘बाबा’ म्हटलेले ‘मामा’ असे ऐकू येते. आमच्या शाळेतील अशी एक मराठी मुलगी घरी आजीशी अखंड बोलते, पण वर्गात हिंदी धडा मोठ्याने वाचायची वेळ आली की गप्प बसते. तोच धडा मनात वाचून प्रश्नांची उत्तरे लिहायला दिल्यास ती बरोबर लिहिते. उच्चारांवरून वाचनाचे गुण देणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओठाची आणि टाळूची पहिली शस्त्रक्रिया साधारणतः दीड वर्षाच्या आत होते. शाळा बुडते ती पुढे. हिरडीतही फट असल्यास तेथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया बहुधा 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान, वरचा सुळा येण्यापूर्वी करतात. त्याखेरीज वाचा-उपचारांच्या फेऱ्या असतातच, आणि झाबुआ किंवा अलीराजपूरहून इंदूरला येणाऱ्या पालकांची एकेका फेरीत मजुरीही बुडते. (ग्रहणात आईने काही चिरले म्हणून असे झाले, हे टोमणे तिला वर ऐकावे लागतात.)

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी आणि उपचार समाविष्ट आहेत. पालकांनी प्रवेशाच्या वेळीच टाळूच्या शस्त्रक्रियेची माहिती आणि श्रवणचाचणीचा ताजा अहवाल वर्गशिक्षिकेला द्यावा; शिक्षिकेने मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, आणि उपचारासाठी बुडालेल्या दिवसांचा अभ्यास त्याच आठवड्यात भरून काढण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी.