खारपाणपट्ट्यातून मालवणच्या पाण्यात

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातून मालवणला जायचं म्हणजे महाराष्ट्र तिरपा ओलांडायचा. पैसा लागतोच, पण आम्हाला त्याहून जड गेलं ते तारखा जुळवणं. आमच्याकडच्या आणखी कुणाच्या मनात असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

आमचा भाग कोरडवाहू. कापूस, तूर, शेवटी हरभरा. हरभरा घरात आल्याशिवाय गाव सुटत नाही, म्हणजे मार्च उजाडतो. तिकडे समुद्राचं वेळापत्रक वेगळंच. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्ट सरेपर्यंत. पाणी सगळ्यात नितळ दिवाळीनंतर असतं, पण तेव्हा आमच्या कमरेला कापूस वेचणीची ओटी असते. मग आम्ही मार्चचा पहिला पंधरवडा धरला.

गाडीचं सांगतो. आम्ही गेलो तेव्हा नागपूर–मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा बडनेऱ्याहून जायची आणि कल्याण, पनवेल करत कुडाळला सोडायची. मध्ये गाडी बदलावी लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना ही मोठी सोय. पण ‘विशेष’ असल्याने भाडं जास्त, आणि ती काही महिन्यांपुरतीच जाहीर होते, मग मुदत वाढते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, हे नेहमीच्या गाड्यांना ठीक. या गाडीची मुदतवाढ उशिरा आली तर तिकीटही उशिराच सुटतं. मी रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर बघत होतो. जाण्याचं आणि येण्याचं एकाच बैठकीत काढलं. येतानाचं मागाहून बघू म्हणणारे कुडाळच्या फलाटावर वेटिंगचा मेसेज बघत बसलेले मी पाहिलेत.

घरात वेगळीच चर्चा. मोठेबाबांचा पहिला प्रश्न: “पाणी खारंच पाहाचं हाये नं? मंग आपली इहीर का वाईट हाये?”

खारपाणपट्ट्यातला माणूस हेच विचारणार. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, तरी पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळात क्षार एवढे मुरलेत की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला, बुलडाण्यातली कितीतरी गावं त्यात आहेत. म्हणून त्यांना मी किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरींचं सांगितलं, आणि मग ते बॅग भरायला लागले.

कुडाळहून मालवण तासाभराच्या आत. सिंधुदुर्गाला जेट्टीवरून होडी जाते. तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं, होडी भरेपर्यंत थांबायचं. एवढ्यात काही कठीण नाही. कठीण पुढे आहे: होडीवाला किल्ल्यात जेमतेम तास देतो आणि वेळ संपली की हाका मारतो. कुरटे बेटावर ४८ एकरांत पसरलेला, सुमारे तीन किलोमीटर तटाचा किल्ला तासात कसा बघायचा? आम्ही सकाळच्या पहिल्या फेरीला गेलो आणि चढण्याआधीच विचारून घेतलं की मागून येणाऱ्या होडीने परतलो तर चालेल का. गर्दी नव्हती, तो हो म्हणाला. दुपारी गेलात तर ही सवलत धरू नका.

दरवाजा होडीतून दिसत नाही. तटाच्या वळणात लपवलाय, अगदी जवळ गेल्यावर कळतं की इथून आत जायचं. बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, १६६७ मध्ये पुरं झालं. बांधणारे म्हणून हिरोजी इंदुलकरांचं नाव घेतात, पाया भरताना शिसं ओतल्याचं सांगतात. आत राजाराम महाराजांनी बांधवलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. लोक तिथे फोटोसाठी रांग लावतात.

आम्ही मात्र विहिरींपाशी रेंगाळलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. किल्ल्यात अजून काही घरं नांदती आहेत. त्यातल्या एका घरी मोठेबाबांनी पाणी मागितलं, पिऊन पाहिलं, पुन्हा मागितलं. मग बाहेर येऊन तटाच्या दगडाला पाठ लावून हिशेब मांडत बसले: इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आपल्याकडे सात-आठशे, पण आपल्या खाली खारट का, आणि यांच्या खाली गोड का? होडीवाल्याची हाक येईपर्यंत त्यांचं संपलं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्ग आहे. विदर्भातला एकही नाही. गाविलगड, नरनाळा मराठ्यांनी बांधलेले नाहीत हे खरं, तरी थोडं लागलंच.

स्कूबाचं, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखाली उतरण्याचं, मुलीच्या हट्टापायी झालं. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही, तरी चालतं; प्रत्येकाबरोबर एक पाणबुड्या असतो. आधी अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, नुकतं झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर खरं लिहा, लपवू नका. मग कमरेएवढ्या पाण्यात शिकवणी: श्वास फक्त तोंडाने घ्यायचा आणि अडवून धरायचा नाही, कान दुखला की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. आपण अंगठा वर करतो ते ‘छान’ म्हणून, तिथे त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. मी दोन मीटरवर कानाला घाबरून अंगठा वर केला आणि वर आलो. दुसऱ्यांदा सावकाश उतरलो तेव्हा कान मोकळा झाला आणि खडकाभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे दिसले. फोटो-व्हिडिओचे पैसे त्यात धरलेत का, हे आधीच ठरवून घ्या. रस्त्यावर बोलावणारा एक दर सांगतो आणि काठावर दुसराच निघतो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आहे, होडीने नेतात. भरतीत तो पाण्याखाली जातो, म्हणून ओहोटीची वेळ विचारून जायचं. ती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, कालच्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

सिंधुदुर्गाजवळचा छोटा किल्ला, पद्मगड, तेवढा राहिला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं म्हणतात, आणि पाणी सगळ्यात खाली उतरतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. पुढच्या वर्षी हरभरा निघाला की अमावास्येजवळची तारीख धरायचं माझ्या मनात आहे. मोठेबाबांपुढे विषय काढला, तर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून स्वतःच्या खाटेखाली ठेवलंय.