मशीन वाजते, तरी सिस्टर धावत का येत नाही?

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या सीसीयूमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, मी सोळा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. भेटीच्या वेळेत खाटेशेजारी उभे राहणारे नातेवाईक मला जो प्रश्न हमखास विचारतात, तोच आता घरी आलेले पाहुणेही विचारू लागले आहेत : "सिस्टर, मशीन एवढे वाजत असते, तरी तुम्ही शांत कशा?" या प्रश्नात राग थोडा आणि भीती पुष्कळ असते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आवाज आम्हाला ऐकू येतो. इलेक्ट्रोड सुटला की वेगळा सूर, ठोक्यांची लय बिघडली की वेगळा, हे महिनाभरात कानात बसते. पण कोणताही सूर असो, मी आधी पेशंटचा चेहरा बघते आणि मगच मॉनिटरच्या पडद्यावरची रेषा. ती रेषा म्हणजे छातीवरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेली हृदयातली विद्युत हालचाल असते. त्या ठोक्याने रक्त मनगटापर्यंत पोहोचले की नाही, हे ती सांगत नाही. रेषा सुरेख उमटत असतानाही नाडी पूर्ण थांबलेली असू शकते, आणि याच्या उलटही घडते. पीएमटीतून निवृत्त झालेले एक चालककाका सकाळी सहाला स्वतःच्या हाताने दात घासण्याचा हट्ट धरत, आणि त्यांचा ब्रश फिरू लागला की पडद्यावर व्हीटीसारख्या, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या जीवघेण्या वेगवान ठोक्यांसारख्या, रुंद, वेगवान लाटा उसळत. त्याच वेळी बोटाला लावलेल्या चिमट्याची लाट मात्र संथपणे नाडी ७८ दाखवत असे आणि तोंडात फेस असलेले काका माझ्याकडे बघून हात हलवत. तिथे धावत जाऊन मी काय केले असते?

तरीही तुमच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही, कारण एकदा माझ्या हातून चूक झालेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका रुग्णालयात, रात्रपाळीला एका आजोबांचे इलेक्ट्रोड घामाने सारखे निघत होते. तीनदा उठून मी ते नीट केले आणि चौथ्यांदा जागेवर बसूनच आवाज बंद केला. "सिस्टर, बाबा कसेतरीच करताहेत," असे मावशींनी येऊन सांगितले तेव्हा आजोबांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३४ वर आले होते. वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचतच नव्हता. तात्पुरता पेसमेकर बसवला आणि आजोबा वाचले. तेव्हापासून इलेक्ट्रोड लावण्याआधी कातडी पुसून कोरडी करणे, ते वेळेवर बदलणे आणि अलार्मच्या मर्यादा त्या त्या पेशंटप्रमाणे ठरवून घेणे, ही कामे मी औषधाइतकीच महत्त्वाची मानते, कारण खोटे आवाज जितके कमी होतील तितका खरा आवाज लवकर ऐकू येतो.

काही गोष्टी तर पडद्याला कळतच नाहीत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या एका आजींना एट्रियल फिब्रिलेशन होते, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते आणि नाडीला कसलाही ताल उरला नव्हता. अशा वेळी आम्ही दोघी एकाच घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजतो. एकीचा स्टेथोस्कोप छातीवर आणि दुसरीची बोटे मनगटावर. छातीवर ११८ भरले, मनगटावर ९२. मधले २६ ठोके हृदयाने मारले खरे, पण मनगटापर्यंत त्यांचा जोर पोहोचलाच नाही. ठोक्यांची गती कमी करणारी डिगॉक्सिनची गोळी देण्याआधीही हीच मोजणी करायची, आणि ठोके साठच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे जाऊ नये म्हणून आजींना वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू होते. "मग मेथी बंद का?" असे त्यांनी विचारले. बंद नको, पण आज जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असेही नको, कारण पालेभाजीतले के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते आणि रक्ताच्या तपासणीचा आकडा वरखाली होतो.

आम्ही धावतो, तेही तुम्ही पाहाल. बोलता बोलता माणूस डोळे फिरवतो, मानेची नाडी लागत नाही आणि पडद्यावर नुसती वेडीवाकडी थरथर दिसते, तेव्हा खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढून तुम्हाला बाहेर काढले जाते. आत कोणीतरी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल छाती दाबत असते आणि शॉकची तयारी चाललेली असते. त्या वेळी तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर कृपया रागावू नका.

तुम्हाला मदत करायची असेल, तर मशीनऐवजी आपल्या माणसाकडे लक्ष ठेवा. दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळले किंवा "कसेतरी होते आहे" असे तो म्हणाला, तर मशीन गप्प असले तरी मला हाक मारा. आजींच्या मुलाला घरी जाण्याआधी मी नाडी बघायला शिकवली. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची त्याची घाई होती, पण बेताल नाडीला ते चालत नाही, म्हणून त्याला पूर्ण मिनिट मोजायला लावले. "शहात्तर, सिस्टर. की अठ्ठ्याहत्तर?" त्याने विचारले. मी म्हटले, पुन्हा मोजा.