कामगार असून ठाण्यात घर कसं घेतलंत?

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे हा प्रश्न मला जिन्यात विचारला जातो. तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहतं, दोघंही इंजिनीअर, घोडबंदर रोडचे सॅम्पल फ्लॅट बघून बघून दमलेले. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, "काका, तुम्ही एकटे कमावणारे, कंपनीत फिटर. सावरकरनगरला घर जमलं कसं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "तेव्हाची माणसं काटकसरी होती म्हणा."

काटकसर केलीच. पण काटकसर गावाकडे माझ्या आईनेही जन्मभर केली आणि तिला कौलं बदलून पत्रा घालणं काही जमलं नाही. काटकसरीने घर होत असतं तर निम्मा महाराष्ट्र बंगल्यात राहिला असता.

तुम्ही विचारलंत म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात पगाराची पाकिटं आहेत आणि युनियन आणि कंपनीत झालेले सायक्लोस्टाइल केलेले तीन पगाराचे करार, 1983, 1986 आणि 1989 चे. घराचं उत्तर त्यांच्यात आहे.

मी 1979 साली पाटण तालुक्यातून ठाण्याला आलो. चुलत्यांची किसननगरला खोली. सात माणसं; रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याच्या अजून गरम असलेल्या अंथरुणावर पडायचा. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. 1962 साली महामंडळ झालं आणि इथून सुरुवात झाली. सकाळी पावणेसातला रस्त्याने चाललं की एकामागून एक भोंगे. चुलत्यांच्या ओळखीने एका इंजिनीअरिंग कंपनीत हेल्पर लागलो, टेंपररी. टेंपररी म्हणजे 240 दिवस भरायच्या आत ब्रेक. ते भरले की कायद्याने माणसाला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून दिवस मोजायचं काम टाइम ऑफिस आमच्यापेक्षाही मनापासून करायचं. दोन महिने घरी बसायचं, मग पुन्हा नवं कार्ड, नवा नंबर. 1980 मध्ये प्रेसखाली डाव्या करंगळीचं एक पेर गेलं. कामगार हॉस्पिटलात टाके पडले, एक पैसा लागला नाही आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसे ईएसआयने, म्हणजे कामगार विम्याने, दिले.

1981 मध्ये परमनंट झालो. आमच्याकडे डॉक्टर दत्ता सामंतांची युनियन होती. पुढच्याच जानेवारीत त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. तो संप फसला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळे डॉक्टर म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग आणि केमिकल कंपन्यांत मात्र त्याच काळात एकामागून एक करार होत होते. माझं घर त्यातल्या एका करारातून आलं.

1987 चं एक पाकीट समोर आहे. मूळ पगार 640 रुपये, महागाई भत्ता 918. हो, मुळापेक्षा भत्ता जास्त. बाकी घरभाडं, प्रवास, धुलाई, रात्रपाळी असं मिळून एकूण 1,940. तो 918 चा आकडा समजला तर निम्मं उत्तर समजलं. मुंबईच्या कामगारांसाठी सरकार महागाईचा निर्देशांक काढायचं, 1960 ला 100 धरून. करारात लिहिलेलं असायचं की निर्देशांक अमुक पॉइंटच्या वर गेला की दर पॉइंटमागे इतके रुपये भत्ता. दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डवर नवा आकडा लागला की तिथे गर्दी. आमच्यातला सातवी शिकलेला मोल्डरसुद्धा डबा खाताना तोंडी हिशेब करायचा. तेल महागलं तर बायका घरी बोटं मोडायच्या आणि आम्ही म्हणायचो, थांब, पुढच्या क्वार्टरला पॉइंट वाढतील. महागाई आमच्याही मागे लागायची, पण तिला थोडं वेसण होतं.

आता घर. 410 चौरस फूट, बिल्टअप, किंमत 92,000. 1986 च्या कराराची बोलणी चौदा महिने चालली, मधे 47 दिवस आम्ही गेटबाहेर होतो. सही झाली तेव्हा करार मागच्या तारखेपासून लागू, म्हणून फरक हातात आला 11,400 रुपये. एवढे पैसे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. बायकोने ते पाकीट रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बुकिंग केलं. फंडातून 13,000 काढले. कंपनीतल्या पतपेढीने 10,000 दिले. 45,000 चं कर्ज, पंधरा वर्षांचं. उरलेले थोरल्या भावाने पाठवले आणि बायकोच्या पाटल्यांनी भरून काढले. (त्या पाटल्या परत करायच्या राहिल्या. तो विषय आमच्या घरी अजून निघतो, बहुतेक दिवाळीला.)

कर्ज देणाऱ्या साहेबाने माझी बचत विचारली नाही. त्याने एक कागद मागितला, नोकरी कायम असल्याचं कंपनीचं पत्र. तोच मी परमनंट व्हायच्या आधीचा असतो, ब्रेकवाला, तर त्याने मला खुर्चीवर बसा म्हटलं नसतं. घर 47 पगारांत आलं. गेल्या वर्षी आमच्या पहिल्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट 68 लाखांना गेला.

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, महापेला कामाला आहे. कंपनीचं नाव मोठं आहे पण त्याच्या कार्डावर कंत्राटदाराचं नाव. सगळं कापून हातात 17,000. मी कॅल्क्युलेटर काढला, तर 68 लाख म्हणजे त्याचे बरोब्बर चारशे पगार. तेहतीस वर्षं आणि चार महिने, उपाशी राहिला तर. त्याच्या किमान वेतनावर विशेष भत्ता मिळतो, वर्षातून दोनदा बदलतो, पण त्याच्यावर करार म्हणून काही चढत नाही, कारण करार करायला त्याच्या बाजूने कुणी बसतच नाही. कंत्राटदारही दोन वर्षांनी बदलतो. माणूस तोच, मशीन तेच, नोकरी मात्र दर वेळी पहिल्या दिवसापासून.

"युनियनबाजीने कंपन्या बुडाल्या" हे मला माझ्याच तोंडावर ऐकवलं जातं. काही ठिकाणी आमचं चुकलं, नाही म्हणत नाही. डॉक्टर ताळेबंद बघायचे नाहीत असं आम्हीही आपसात बोलायचो. पण ठाण्यात कंपनीपेक्षा कंपनीखालची जमीन महाग झाली, हे गणित कुणी काढत नाही. पोखरण रोडवरची ग्लॅक्सोची 60 एकर जागा बिल्डरला 555 कोटींना गेली. इतकी किंमत यायला लागल्यावर लेथ चालवत कोण बसेल? आमच्या कंपनीने 1999 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणली. भोंगा बंद झाला, जागेवर आता काचेची इमारत आहे. मला मिळालेले पैसे पोस्टात मासिक योजनेत ठेवले, तेव्हा व्याज चांगलं होतं. 2003 पर्यंत नव्या ठेवींचं व्याज आठ टक्क्यांवर आलं. पेन्शन किती मिळते ते सांगत नाही, ऐकून तुम्हीच चहाचे पैसे द्याल. घराला मात्र कुणी हात लावू शकलं नाही.

इथवर मी नेहमी सांगतो. या वेळी पेटी उघडली तेव्हा भाचा शेजारी बसला होता. त्याने 1989 चा करार उचलला आणि वाचता वाचता कलम 14 वर थांबला. त्यात लिहिलंय की पॅकिंग, लोडिंग आणि साफसफाई ही कामं यापुढे व्यवस्थापन बाहेरून करून घेईल, युनियनची हरकत राहणार नाही; सध्याच्या कायम कामगारांना इतर खात्यांत सामावून घेतलं जाईल.

"मामा, पॅकिंग म्हणजे मी करतो तेच ना?"

तेच. एकतीस माणसं होती पॅकिंगला. पाच परमनंट, त्यांना स्टोअर्समध्ये घेतलं. बाकीची सव्वीस पोरं टेंपररी. त्यांना त्या वेळी ब्रेक मिळाला तो मिळालाच, पुन्हा कार्ड निघालं नाही. पुढच्या महिन्यात त्यातलीच काही जण कंत्राटदाराच्या निळ्या शर्टात त्याच टेबलावर उभी दिसली, निम्म्या पगारात. कँटीनमध्ये त्यांची रांग वेगळी केली होती. तेच बटाटेवडे, आम्हाला चार आण्याला आणि त्यांना बाहेरच्या भावाने. कंत्राटी कामगारांचा कायदा 1970 पासून होता, पण तो वापरायला कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि उभं राहणारे म्हणजे आम्ही होतो.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

गेट मीटिंग झाली होती. दुपारची वेळ, पहिली पाळी सुटून दुसरी आत जायच्या आधी. कमिटीवाल्याने पगारवाढीचा आकडा आधी सांगितला, 375 रुपये, टाळ्या पडल्या, आणि 14 नंबरचं कलम त्यानंतर भरभर वाचलं. मग हात वर करायला सांगितलं.

"कुणीच विरोध केला नाही?"

चार-पाच जण हात खाली ठेवून उभे होते. मी त्यांच्यात नव्हतो. माझा हप्ता 580 रुपयांचा होता आणि कर्जाची अजून तेरा वर्षं बाकी होती.