होळकरांच्या काळातली बाटली

आमच्या धाकट्या काकांच्या मते ती बाटली होळकरांच्या काळातली. आजोबांना थेट राजवाड्यातून मिळालेली, असं ते इंदूरला रामबागेतल्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. सीलबंद सोलन नंबर वन व्हिस्की, पातळी जराशी उतरलेली. वाटणी निघाली तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "भिया, लाखाला जाईल ही. तू वय तेवढं काढ." माझा जन्म छापखान्यात गेलेला, म्हणून काम माझ्या गळ्यात.

व्हिस्की लाकडी पिंपात असते तोवरच मुरते. काचेत भरली की तिचं वय तिथेच थांबतं. आम्हाला हवं होतं बाटली भरल्याचं साल, आणि ते दारूत नाही, लेबलवरच्या बारीक टाइपात असतं, जिकडे पिणाऱ्याचं कधी लक्ष जात नाही.

लेबलचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला. पुसायला मी कुणाला हात लावू दिला नाही. ओल्या बोळ्याबरोबर जुनी शाई उठून येते. टॉर्च बाजूने आडवा धरला आणि भिंग लावलं. नाव होतं मोहन मीकिन ब्रुअरीज. इथेच होळकर बाद! संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं आणि तेव्हा ही कंपनी डायर मीकिन होती. 'मोहन' लागलं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'ब्रुअरीज' गळून नुसतं मोहन मीकिन लिमिटेड उरलं. म्हणजे बाटली या दोन नावबदलांच्या मधली.

खाली '75 प्रूफ' दिसल्यावर चुलतभाऊ परत हुरळला, इंग्रजांचं माप म्हणून. माप त्यांचंच, पण 75 प्रूफ म्हणजे 42.8 टक्के अल्कोहोल, आणि हा 42.8चा आकडा आपल्याकडच्या बाटल्यांवर आजही छापतात. साल ठरवायला कुचकामी. बुडावर बटर पेपर ठेवून पेन्सिल घासली, तर दोन आकडे उमटले. ते साच्याचेही असू शकतात, म्हणून सोडून दिले. बारकोड नव्हता, पण नसलेल्या गोष्टीवरून फार ताणू नये.

खरं काम केलं पत्त्याने. कसरीने खाऊनही पिनकोडाचे सहापैकी चार आकडे शाबूत होते, आणि पिनकोड आपल्याकडे आला 15 ऑगस्ट 1972 रोजी. त्याआधीचं हे लेबल असूच शकत नाही. तेव्हा 1972 ते ऐंशीच्या दशकाची सुरुवात. याहून बारीक उत्तर ती बाटली देत नव्हती.

मागच्या बाजूला पुसट इंग्रजी शिक्का होता: फक्त संरक्षण दलांसाठी. म्हणजे कॅन्टीनचा माल. आजोबा शाळामास्तर, फौजेत होते ते मोठे काका, महूला सुभेदार. निवृत्तीनंतरही कॅन्टीन मिळतं, त्यामुळे शिक्क्याने साल आणखी आवळता आलं नाही, पण मालकाचा पत्ता लागला. लाखाची गोष्ट तर तशीच मिटली, कारण परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे.

मोठ्या काकूंना विचारायला गेलो. त्यांनी चष्मा लावून शिक्का बघितला आणि म्हणाल्या, "ह्यांचीच ती. धाकट्या भाऊजींनी कपाटातून नेली होती. मी तेव्हाच बघितलं होतं."