सोळा दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा आणि बँकेचा एक शिक्का

टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, न्यू यॉर्क, लिस्बन. पूर्वेकडे निघाले आणि सोळाव्या दिवशी पश्चिमेकडून बडोद्याला परत आले. एकटीने. या सगळ्या प्रवासात मला कुणी रडवलं नाही. रडवलं ते घरापासून दहा मिनिटांवरच्या बँकेच्या शाखेने. वर्ष होत आलं तरी तो राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मैत्रीण आणि मी एम. एस. युनिव्हर्सिटीत पाच वर्षं एका बाकावर. ती नोकरीसाठी लिस्बनला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरलं. फोनवर म्हणाली, "अंतरपाट तू आणायचास. आणि एक टोक तूच धरायचं." माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, न्यू जर्सीत मावशी, टोकियोत मामेभाऊ. एवढ्या लांब जायचंच आहे तर वळसा पूर्ण करूनच येऊ, असं ठरवलं.

विमान कंपन्यांचे संघ जगप्रदक्षिणेचं एकत्र तिकीट देतात. त्यात एकाच दिशेने जावं लागतं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे. मला सोळा दिवसांत बसवायचं होतं, म्हणून सुटी तिकिटं काढली.

राहिला युरोपचा शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मी हे दिवस लग्नाच्या तारखेपासून मोजले. तसं मोजू नका! पासपोर्ट त्यांच्याकडे जमा असतो आणि टोकियोला निघायलाही तोच लागतो. युरोप शेवटी असला तरी दिवस पहिल्या विमानापासून मोजायचे.

कागदांच्या यादीत बँकेचं स्टेटमेंट होतं, शिक्का आणि सहीसकट. काउंटरवरच्या साहेबांनी माझी प्रिंट उलटून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: हे संगणकावर तयार झालंय, सहीची गरज नाही. "बेन, सहीनी जरूर नथी." मी व्हिसाची यादी पुढे केली. ती न वाचताच म्हणाले, "काले आवजो." दुसऱ्या दिवशी सही करणारे रजेवर. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला, पण अकरा पानांपैकी फक्त शेवटच्या पानावर. सगळ्यांवर मारा ना, असं दोनदा म्हटलं. "चालशे," म्हणाले. मागे रांग होती, मी गप्प बसले.

पहाटेच्या गाडीने अहमदाबादच्या व्हिसा अर्ज केंद्रात गेले. खिडकीतल्या मुलीने एकेक पान उलटत मोजलं आणि फाइल परत केली. प्रत्येक पानावर शिक्का हवा. शिवाय खात्यावर माझं नाव आडनावापासून सुरू होऊन एकाच ओळीत होतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहितात, त्यामुळे हे कधी डोळ्यांत भरलंच नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं बँकेचं पत्र आणा, म्हणाली. पुढची तारीख मिळाली बारा दिवसांनंतरची. परतीच्या गाडीत मी मैत्रिणीला फोन केला नाही. काय सांगणार होते?

चौथ्यांदा गेले ती लेखी अर्ज घेऊन, आणि आधी त्याची पोच मागितली. कुठल्याही कचेरीत हेच करा. तोंडी विनंतीला "काले आवजो" असतं, पोच दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. मला थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये पाठवलं. त्यांनी स्वतः शिक्के मारले. शाईचा पॅड वाळलेला होता. सहाव्या पानावर शिक्का इतका पुसट उठला की त्यांनी त्यावरच दुसरा मारला, आणि ओली जांभळी शाई माझ्या अंगठ्याला लागली. अकरा पानं आणि नावाचं दोन ओळींचं पत्र, सगळं मिळून पाच मिनिटं. या पाच मिनिटांसाठी माझे जवळजवळ तीन आठवडे गेले होते.

पासपोर्ट कुरियरने आला तेव्हा निघायला तीन दिवस उरले होते. आईने तो आधी देवापुढे ठेवला.

फोटोचं राहिलं: शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंच चौरस. दोन्ही एकदमच काढून घ्या. विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. जपानचा ई-व्हिसा विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघाले आणि त्याच तारखेला सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, कारण वाटेत वाररेषा येते. हॉटेलची तारीख त्या हिशोबाने घाला.

आणि अक्षता नेऊ नका. धान्याला लागणाऱ्या खपरा भुंगेऱ्याच्या भीतीने भारतातला तांदूळ प्रवाशांच्या सामानातून अमेरिकेत नेऊ देत नाहीत. मी फक्त कुंकू नेलं. लिस्बनमध्ये तिथलाच कॅरोलिनो तांदूळ आणला आणि आदल्या रात्री तिच्या सासूबाईंनी आणि मी मिळून तो कुंकवात चोळला. त्यांना मराठी येत नाही, मला पोर्तुगीज येत नाही, पण किती लाल हवा ते त्यांना बरोबर कळलं.

अंतरपाट मात्र चारही विमानतळांवर माझ्या हातातल्या पिशवीतच होता. दुसऱ्या दिवशी बागेत तो उलगडला, तिच्या काकांनी मंगलाष्टकं सुरू केली. एक टोक नवऱ्यामुलाच्या भावाकडे होतं, दुसरं माझ्याकडे.