नवतारा जाहीर झाला, आता गच्चीवरून काय मोजायचं?

आपल्या आकाशगंगेत वर्षाला दहाएक नवतारे, म्हणजे अचानक भडकून पुन्हा मंदावणारे तारे, सापडतात. प्रत्यक्षात ३० ते ५० भडकत असावेत, पण बरेचसे धुळीआड किंवा सूर्याच्या बाजूला राहून जातात. सापडलेल्यांतले बहुतेक धनु, वृश्चिक आणि भुजंगधारीच्या पट्ट्यात असतात. द्विनेत्रीच्या आवाक्यात येणारे मोजकेच. असा एखादा आला की नागपूरहून त्याची मोजणी व्हायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण भूगोलात आहे.

टोकियो आपल्या पूर्वेला साधारण ६० रेखांशांवर आहे, माद्रिद पश्चिमेला ८३. म्हणजे एखादा तारा जपानच्या मध्यमंडलावरून स्पेनच्या मध्यमंडलावर यायला साडेनऊ तास लागतात. मधल्या वेळात तो आपल्या डोक्यावरून जातो. जून २०२१ मध्ये शौरी तारकासमूहात भडकलेला व्ही१६७४ हर्क्युलिसला शिखरावरून दोन प्रती (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद) खाली यायला साधारण एकच दिवस लागला. अशा ताऱ्याच्या आलेखात साडेनऊ तासांची फट पडली तर ती नंतर कुणालाही भरता येत नाही. ७९ अंश पूर्व रेखांशावरची एक नीट घेतलेली नोंद तिथे फार मोलाची असते.

भडका नेमका कशाचा, ते थोडक्यात. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आपल्या जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढत राहतो. साठलेला थर पुरेसा दाबला आणि तापला की त्यात अणुसंमीलन आवाक्याबाहेर जातं आणि तो थर सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. बटू शाबूत राहतो. तेज ८ ते १५ प्रतींनी वाढतं. शिखरापासून दोन प्रती उतरायला लागणारा काळ हे नवताऱ्याचं पहिलं ओळखपत्र. १० दिवसांच्या आत उतरला तर अतिवेगवान, ८० दिवसांपुढे गेला तर संथ. शिखराची वेळ चुकली की हा आकडाही चुकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींवर एवढा भर.

बातमी येते तेव्हा ताऱ्याला नाव नसतं. पीएनव्ही (‘संभाव्य नवतारा’चं इंग्रजी लघुरूप) ही अक्षरं आणि पुढे विषुवांश-क्रांतीचे, म्हणजे आकाशातली जागा सांगणारे आकडे, एवढीच खूण असते. व्ही क्रमांकाचं कायमचं नाव नंतर मिळतं. ते आकडे एएव्हीएसओच्या, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या, चार्ट काढण्याच्या पानावर टाका. द्विनेत्रीसाठी १५ अंशांचा ए चार्ट, छोट्या दुर्बिणीसाठी ३ अंशांचा बी चार्ट. दुर्बिणीतलं चित्र उलटं दिसत असेल तर चार्टही तसाच छापा, नाहीतर आकाशगंगेच्या दाट पट्ट्यात शेजारचाच तारा नवतारा म्हणून मोजला जातो. चार्टवर ६४ लिहिलेला तारा ६.४ प्रतीचा असतो. दशांशचिन्हाचा ठिपका तारा वाटू नये म्हणून तो गाळतात. कोपऱ्यातला चार्ट क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत तुलना ताऱ्यांची, म्हणजे प्रत माहीत असलेल्या शेजारच्या ताऱ्यांची, यादी अपुरी असते, पुढे ती सुधारते. कोणते तारे वापरले हे लिहिलेलं असेल तर जुनी नोंद दुरुस्त करता येते. नुसतं ‘६.२’ लिहून ठेवलेलं असेल तर काहीच करता येत नाही.

डोळ्यांनी मोजायची रीत जुनी आहे आणि आजही उपयोगी आहे. नवताऱ्यापेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद, असे दोन तुलना तारे घ्या. दोघांत अर्ध्या प्रतीच्या आसपास अंतर असेल तर उत्तम. समजा ते ५.८ आणि ६.४ चे आहेत आणि नवतारा पहिल्याकडून दुसऱ्याकडे दोन तृतीयांश वाट उतरलेला वाटतो, तर तो ६.२. एवढंच गणित. चुका शिरतात त्या बघण्यात. शिखरानंतर नवतारा तांबूस होतो, कारण त्याच्या वर्णपटातली हायड्रोजन-अल्फाची लाल रेषा जोरात पेटते. लाल ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो हळूहळू अधिक तेजस्वी वाटू लागतो. म्हणून झटपट नजर टाकायची, दुसऱ्या ताऱ्यावर जायचं, परत यायचं. द्विनेत्री किंचित डीफोकस केली की रंगाचा प्रभाव कमी होतो. दोन्ही तारे एकाच वेळी न्याहाळू नका, दोघांनाही आळीपाळीने दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणा. खाली असलेला तारा डोळ्याला वेगळा भासतो, तेव्हा मान अशी वळवा की दोन डोळ्यांना जोडणारी रेषा दोन ताऱ्यांच्या रेषेला समांतर येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपली नोंद लिहून होईपर्यंत दुसऱ्यांचे आकडे उघडू नका. काल ६.५ होता हे माहीत असलं की आज ६.७ च दिसतो.

वेळेत गफलत सर्वांत जास्त होते आणि ती टाळणं सर्वांत सोपं आहे. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ मिळते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जागतिक तारीख कालचीच असते, आणि पहाटेच्या धनु राशीतल्या नोंदी इथेच एका दिवसाने चुकतात. ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, वापरलात तर सुटका होते. तो जागतिक वेळेच्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच पूर्णांकात बसते. १ जानेवारी २०२५ ची रात्री सव्वानऊची नोंद २४६०६७७.१५६, आणि त्याच रात्रीची पहाटे ४ ची नोंद २४६०६७७.४३८. साध्या नवताऱ्याला तीन दशांश स्थळं पुरतात, वेगाने बदलणाऱ्याला चार द्या. कॅमेऱ्याचं घड्याळ दर सत्राआधी मोबाइलशी जुळवा.

कॅमेऱ्याने मोजायचं तर ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड आणि कोणताही डीएसएलआर पुरे. लेन्स एफ/४ वर आणा, पूर्ण उघडी ठेवली तर कडेचे तारे पसरतात. आयएसओ ४०० किंवा ८००, एक्स्पोजर ५ ते १० सेकंद, फोटो रॉ मध्येच. जेपीईजी मध्ये कॅमेरा तेजाचं प्रमाण स्वतःच वाकवतो, मग मोजण्यासारखं काही उरत नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. फोकस मुद्दाम थोडा ढिला करा, तारा आठ-दहा पिक्सेलवर पसरला पाहिजे. टोकदार फोकसमध्ये तारा लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलच्या जाळीत कुठे पडतो त्यावर आकडा हलतो, शिवाय मधला पिक्सेल भरून जातो. १४ बिटांच्या कॅमेऱ्यात कमाल १६३८३ असते, शिखराचा पिक्सेल १०-११ हजारांच्या खाली ठेवा. तारा लुकलुकतो, म्हणून एकूण एक्स्पोजर निदान एक-दोन मिनिटांचं व्हायला हवं. १५-२० फ्रेम घ्या, तितक्याच डार्क (लेन्स झाकून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या), आणि लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून संधिप्रकाशात फ्लॅट (सारख्या उजेडाच्या फ्रेम). डार्क त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्यायचे. नवतप्याच्या रात्री गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो, आणि सेन्सरचा गोंगाट दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरात काढलेले डार्क मे महिन्यात लावून उपयोग नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर फ्रेम जुळवायला सिरिल किंवा अस्टॅप, मोजायला अॅस्ट्रोइमेजजे. सगळं फुकट आहे. हिरवी वाहिनी वेगळी काढून तीच मोजा आणि नोंदीत फिल्टरच्या रकान्यात टीजी (रंगीत कॅमेऱ्याची हिरवी वाहिनी) लिहा, व्ही (प्रमाणित दृश्य फिल्टर) लिहू नका. सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणींनाही हेच लागू. त्यांचं सुबक करून दिलेलं चित्र बाजूला ठेवा आणि मूळ फिट्स फायली काढून घ्या. तुलना ताऱ्यांबरोबर एक तपासणी ताराही, म्हणजे प्रत माहीत असलेला आणखी एक तारा, मोजा. त्याची प्रत यादीतल्या आकड्यापासून दशांशापेक्षा जास्त सरकली तर त्या रात्रीचं मोजमाप पाठवण्याआधी कारण शोधा.

एक अडचण मात्र कितीही काळजी घेतली तरी उरते. नवताऱ्याचा प्रकाश पुढे पुढे मोजक्या उत्सर्जन रेषांत गोळा होतो. फेकलेला वायू विरळ झाला की येणाऱ्या तेजोमेघाच्या अवस्थेत ऑक्सिजनच्या ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं एकक) रेषा सर्वांत प्रखर होतात, आणि त्या नेमक्या व्ही फिल्टरच्या कडेवर येतात. कुणाचा फिल्टर त्यांना जास्त घेतो, कुणाचा कमी. दोन काटेकोर निरीक्षकांमध्ये काही दशांशांचा फरक पडतो आणि दोघंही बरोबर असतात. साध्या ताऱ्यांसाठीची रंगदुरुस्ती इथे लावू नये. तेच उपकरण, तीच वाहिनी, तेच तुलना तारे शेवटपर्यंत ठेवा. मध्येच कॅमेरा बदलला तर काही रात्री दोन्हींनी मोजा.

आता नागपूरच्या आकाशाबद्दल. आपण २१ अंश उत्तरेला. धनु राशीतला −२८ क्रांतीचा तारा जास्तीत जास्त ४१ अंश वर येतो, उत्तर मुकुटातला पुन्हापुन्हा भडकणारा नवतारा टी कोरोनी बोरियालिस जवळपास माथ्यावर, ८५ अंशांपर्यंत. शहराच्या उत्तरेला राहणाऱ्यांना धनुकडे बघताना सगळं शहर मध्ये येतं. शर्मिष्ठेसारख्या उत्तरेच्या ताऱ्यांना कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या दिशेचा धूसरपणा आडवा येतो. खाली असलेल्या ताऱ्याचं गणित सांगतो. तारा २० अंशांवर आणि तुलना तारा १५ अंशांवर असेल तर धुरकट हवेत पाव प्रतीची चूक सहज होते. म्हणून तुलना तारा क्षितिजापासून शक्यतो तितक्याच उंचीवरचा निवडा. ताऱ्याला २५ अंश ओलांडू द्या, थांबणं परवडतं.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीकडचं आकाश खरंच सुंदर आहे. पण ७ प्रतीपर्यंतच्या नवताऱ्यासाठी महिन्यातून एकदा पेंचला जाण्यापेक्षा रोज गच्चीवरून दहा मिनिटं काढणं विज्ञानाच्या जास्त कामाचं. आलेखाला सलग ठिपके लागतात. पेंचची खरी गरज नवतारा ९-१० प्रतींच्या खाली उतरतो तेव्हा पडते.

जून ते सप्टेंबर ढग. धनुचा पट्टा नेमका तेव्हाच रात्रभर वर असतो, त्याला इलाज नाही. भुजंगधारीतला आरएस ओफियुची हा नवतारा २०२१ मध्ये ऑगस्टातच भडकला. ढगांच्या फटीत द्विनेत्रीच चपळ, कॅमेरा मांडेपर्यंत फट बुजते. पातळ ढग दोन ताऱ्यांवर सारखे पसरलेत की नाही हे डोळ्याला कळत नाही, तेव्हा अशा रात्री पाठोपाठ तीनदा मोजा. तिन्ही जुळले तरच पाठवा आणि शेऱ्यात ढग लिहा.

नवताऱ्याचं तेज उतरत जातं त्या काळात दोन फसगती आहेत. पहिली, शेजारी तारे मिसळणं. ५० मिमी लेन्सवर एक पिक्सेल १७-१८ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात त्याच ठिपक्यात आणखी चार-पाच मंद तारे बसलेले असतात. नवतारा १०-११ प्रतीपर्यंत उतरला की आलेख अचानक सपाट होतो. नवतारा स्थिरावलेला नसतो, आपण शेजाऱ्यांचा प्रकाश मोजत असतो. इथे लांब फोकल लांबीच्या दुर्बिणीकडे वळा किंवा थांबा. दुसरी फसगत म्हणजे तारा दिसेनासा झाला म्हणून नोंदच न करणं. काही नवताऱ्यांच्या बाहेर पडणाऱ्या वायूत धूळ जमते आणि तेज कोसळतं. शौरीतल्या १९३४ च्या डीक्यू हर्क्युलिसचं असंच झालं, १९३५ च्या वसंतात तो काही आठवड्यांत सात-आठ प्रतींनी खाली गेला आणि नंतर पुन्हा वर आला. तेव्हा ‘९.२ पेक्षा मंद’ ही नोंदही आकड्याइतकीच खरी. दिसलेला सर्वांत मंद तुलना तारा लिहा आणि पुढे ‘पेक्षा कमी’ची खूण.

घाईने सोडूनही देऊ नका. शर्मिष्ठेतला व्ही१४०५ मार्च २०२१ मध्ये ९.६ प्रतीला सापडला, मग कित्येक आठवडे ८ च्या आसपास घुटमळला, आणि मे महिन्यात अचानक साडेपाचच्या आसपास गेला. नागपूरहून तेव्हा तो पहाटे ईशान्येला ३०-३५ अंशांवर मिळायचा. अशा पुनःपुन्हा उसळ्यांना आता वेगळंच महत्त्व आलंय. व्ही९०६ करीनी या २०१८ च्या नवताऱ्यात दृश्य प्रकाशाच्या उसळ्या आणि गॅमा किरणांच्या उसळ्या एकाच वेळी आल्या, म्हणजे प्रकाशाचा मोठा वाटा बाहेर पडणाऱ्या वायूंच्या आपसातल्या धडकांतून येतो. शिखरानंतर निदान तीन प्रती उतरेपर्यंत रोज, पुढे दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्याला, असा क्रम ठेवा.

ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी मिमीला १०० रेषांची जाळी (प्रकाश रंगांत फाकवणारी काच) लावून वर्णपट घ्यावा. हायड्रोजनची लाल रेषा किती रुंद आहे यावरून वेगाचा अंदाज येतो. सेकंदाला ३००० किमीचा वेग म्हणजे त्या रेषेपाशी साधारण ६५ अँगस्ट्रॉम, तेवढं या जाळीवर दिसतं. कॅलिब्रेशनसाठी त्याच उंचीवरचा एक ए वर्गाचा (पांढरा, हायड्रोजनच्या ठळक रेषांचा) तारा आधी घ्या.

हे काम या मातीत नवं नाही. जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी कोषागारात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी १९१८ चा गरुडातला नवतारा टिपला, आणि पुढे एएव्हीएसओला आयुष्यभरात ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की निरीक्षक संकेत मिळतो, तो फुकट आहे. नोंदीत ताऱ्याचं नाव, ज्युलियन दिनांक, प्रत, दोन तुलना तारे, चार्ट क्रमांक आणि शेरा भरायचा. रात्रीची नोंद सकाळी चहाच्या आत पाठवा, मोठ्या दुर्बिणींचे निर्णय त्यावर अवलंबून असू शकतात.

धनुतला नवतारा डिसेंबरात सूर्याआड जातो. नोव्हेंबरअखेरची शेवटची संध्याकाळची नोंद आणि जानेवारीअखेरची पहिली पहाटेची नोंद, या दोन्ही मुद्दाम घ्या. परत दिसेपर्यंत तुलना ताऱ्यांची यादी बदललेली असू शकते, तेव्हा चार्ट नव्याने काढा आणि नवा क्रमांक लिहा.